घराचे वायफाय आणि घराचे नाव

(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



रात्री दाराला कडी घालावी, हे मूलमध्ये कोणाला शिकवावे लागत नाही. परंतु त्याच घरात वायफायचा डबा बसला की त्याच्या कडीचा विचार क्वचितच होतो. कंपनीची तार भिंतीपाशी संपते. डब्यातून निघणाऱ्या लहरी मात्र भिंतीपाशी थांबत नाहीत. त्या अंगणात, शेजाऱ्याच्या माडीवर आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाच्या मोबाइलपर्यंत जातात.

कोणी म्हणेल, "बाहेरच्याने थोडे इंटरनेट वापरले तर काय बिघडले?" वेग कमी होतो, हे नुकसान किरकोळ आहे. खरा प्रश्न नावाचा आहे. घरातले चार मोबाइल असोत की बाहेरचा पाचवा, बाहेरच्या जगाला सहसा त्यांचा एकच क्रमांक दिसतो. आणि कंपनीच्या दप्तरी तो जोडणी घेणाऱ्याच्या नावावर असतो.

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांना एक धमकीचा ईमेल गेला होता. त्याचा माग नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका अमेरिकन रहिवाशाच्या घरी पोहोचला. त्याची चौकशी झाली, संगणक तपासले गेले. त्याचे वायफाय दुसऱ्यानेच वापरल्याचे पुढे निष्पन्न झाले. त्यानंतरच्या दोन महिन्यांत असेच ईमेल माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या आणि चेंबूरच्या एका कंपनीच्या वायफायवरून गेले. गुन्हा एकाचा आणि चौकशीचा पहिला पत्ता दुसऱ्याचा! निर्दोष ठरेपर्यंत त्या घराने काय सोसले असेल, याचा विचार पालकांनी करावा.

आता उपाय पाहू. पहिला उपाय पासवर्डचा. अनेक घरी मोबाइल क्रमांकच पासवर्ड असतो. विद्यार्थ्यांनी वहीत आकडेमोड करावी. मोबाइल क्रमांकाचा पहिला अंक ६, ७, ८ किंवा ९ असतो. उरलेले नऊ अंक कोणतेही. म्हणजे एकूण ४०० कोटी शक्यता. संख्या मोठी वाटते. परंतु चोरटा दारात उभा राहून एकेक किल्ली लावीत नाही. मोबाइल वायफायला जोडला जाताना होणारी देवाणघेवाण तो टिपून नेतो आणि आपल्या संगणकावर पासवर्ड ताडून पाहतो. चांगले ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक सेकंदाला दहा लाख पासवर्ड सहज ताडतो. ४०० कोटींना चार हजार सेकंद, म्हणजे सव्वा तासही लागत नाही!

उलट, दोन हजार साध्या शब्दांच्या चिठ्ठ्यांतून डोळे मिटून पाच उचला आणि इंग्रजी अक्षरांत सलग लिहा. धान, वादळ, चप्पल, स्टेशन, जांभूळ असे काहीही निघेल. त्याच संगणकाला सर्व शक्यता तपासायला सुमारे हजार वर्षे लागतील. मात्र शब्द चिठ्ठीनेच निघाले पाहिजेत. मुलाबाळांची नावे चालणार नाहीत.

दुसरा उपाय सेटिंगचा. सुरक्षेचा प्रकार 'डब्ल्यूपीए-२' किंवा 'डब्ल्यूपीए-३' ठेवावा. 'डब्ल्यूईपी' ही जुनी पद्धत २००१ सालीच निकामी ठरली आहे. 'डब्ल्यूपीएस' ही सोय बंद करावी. तिच्या आठ अंकी पिनमधला दोष २०११ मध्ये उघड झाला. अनेक डब्यांवर ती पिन जास्तीत जास्त अकरा हजार प्रयत्नांत सापडत असे. डब्याच्या सेटिंगला वेगळा पासवर्ड असतो, तो 'अ‍ॅडमिन' असाच राहू देऊ नये. वायफायचे नाव लपविल्याने मात्र संरक्षण होत नाही. जाणकाराला ते दिसतेच.

तिसरा उपाय हजेरीचा. शाळेत आम्ही रोज हजेरी घेतो, तशी महिन्यातून एकदा वायफायचीही घ्यावी. जोडलेल्या मोबाइलांची यादी सेटिंगमध्ये दिसते. अनोळखी नाव आढळले तर प्रथम घरात विचारावे. उलगडा न झाल्यास पासवर्ड बदलावा. तो बदलताच जुना पासवर्ड असलेले सर्वजण बाहेर पडतात. मोबाइलच्या हॉटस्पॉटलाही हाच नियम लावावा.

याचा अर्थ शेजारधर्म सोडावा, असा नाही. परीक्षेचा अर्ज भरायला आलेल्या मुलाला रिकाम्या हाताने परत पाठवू नये. बहुतेक नव्या डब्यांत पाहुण्यांसाठी वेगळे वायफाय सुरू करता येते. तेथेही नाव आपलेच लागते, म्हणून ते ओळखीच्यालाच द्यावे आणि काम झाले की बंद करावे. मुख्य पासवर्ड घरातच राहतो.

विद्यार्थ्यांनो, दुसऱ्याचे वायफाय उघडे दिसले तरी ते आपले नव्हे. परवानगीवाचून दुसऱ्याच्या नेटवर्कमध्ये शिरणे माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या ४३ व्या कलमात बसते. त्यात नुकसानभरपाई द्यावी लागते. हेतू अप्रामाणिक असेल तर ६६ व्या कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

पालकांना हे तंत्र अवघड वाटेल. मुलांना ते अर्ध्या तासात जमेल. म्हणून आज घरी गेल्यावर वडिलांना शेजारी बसवा, त्यांच्यादेखत ही सेटिंग तपासा आणि नवा पासवर्ड वहीत लिहून ती वही आईच्या हाती द्या. घराच्या नावाची राखण घरानेच करायची असते.