मोबाईलचा मजकूर आणि न्यायाची कसोटी



आपल्याच जिल्ह्यात, राईनपाड्यास, १ जुलै २०१८ रोजी जमावाने पाच भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. मुले पळविणारी टोळी आली, असा मजकूर व्हॉट्सॲपवरून फिरत होता. तो कोणी लिहिला, कशावरून लिहिला, हे कोणी विचारले नाही.

आपल्याकडे आता ज्युरी नाही. निवाडा न्यायाधीश करतात. पण चावडीवरचे पंच आपणच, आणि कोणी मोबाईल पुढे धरला की आपली मान डोललीच!

कायदा इतका भोळा नाही. मूळ यंत्र हजर नसेल तर नकलेसोबत प्रमाणपत्र हवेच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली अर्जुन खोतकरांच्या जालन्याच्या निवडणूक प्रकरणात ठरविले. आज भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही प्रमाणपत्राची अट आहे. मात्र प्रमाणपत्र बोलते ते नकलेविषयी, मजकुराच्या खरेपणाविषयी नव्हे. शिवाय फोन एकाचा, बोट दुसऱ्याचे, असेही होते.

संपाच्या दिवसांत एखादा लिहितो, ‘उद्या गेटवर बघू.’ तेवढेच कापून दाखविले तर धमकी. मागचेपुढचे वाचले तर सभेची वेळ! म्हणून कामगारांस आम्ही सांगतो: भिऊन काही पुसू नका. सबंध संभाषण जपा, तारीखवेळेसकट वकिलास दाखवा.