पायी चालणाऱ्याचा रस्ता

(इस्लामपूर येथे ज्येष्ठ नागरिकांसमोर केलेले भाषण)



आपल्यापैकी बहुतेकांना डॉक्टरांनी रोज चालण्याचा सल्ला दिला असेल. सल्ला योग्यच आहे. प्रौढांनी आठवड्यातून किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. 2022 साली भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ एवढीही हालचाल करीत नव्हते. स्त्रियांत हे प्रमाण सुमारे 57 टक्के होते. परंतु हा व्यक्तीचा आळस आहे असे म्हणून मोकळे होणे सोयीचे असले, तरी न्याय्य नाही. 'चाला' म्हणणाऱ्या समाजाने 'कोठून?' या प्रश्नाचेही उत्तर दिले पाहिजे.

रस्ता ही सार्वजनिक मालमत्ता आहे. मोटारमालक तिच्यातील शंभरएक चौरस फूट जागा फुकट अडवितो; त्याची किंमत मात्र कडेने अंग चोरून चालणारी मोलकरीण, शाळकरी मूल आणि वृद्ध मोजतात. 2022 मध्ये देशात 32,825 पादचारी अपघातांत मृत्युमुखी पडले. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्यांना वाट देत ज्याला पेठ-सांगली रस्ता ओलांडावा लागतो, त्याला या आकड्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पदपथाचा हक्क हा घटनेच्या 21 व्या कलमातील जीविताच्या हक्काचाच भाग मानला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 2012 च्या निकषांनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी. मग भाजीवालीला हुसकावून लावायचे काय? मुळीच नाही. 2014 च्या पथविक्रेता कायद्याने तिला संरक्षण दिले आहे, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांमधले असले पाहिजेत असे बंधन घातले आहे. पायी येणारा माणूस हाच तिचा गिऱ्हाईक. या दोघांना झुंजवून मोटारीची जागा तेवढी अबाधित ठेवण्याचा डाव आपण ओळखला पाहिजे.

1983 मध्ये चंद्रशेखर कन्याकुमारीहून दिल्लीपर्यंत चालत गेले. याच तालुक्यातील राजारामबापू पाटील यांना लोक 'पदयात्री' म्हणून ओळखत. आपण निदान आपल्या प्रभागापुरते चालू या. नगरसेवक व अभियंता यांना बरोबर घेऊन शाळेपासून बाजारापर्यंत जाऊ या; कोठे गटार उघडे आहे, कोठे दिवा नाही, कोठे वाट अडली आहे, याची यादी करू या. ती यादी नगरपरिषदेच्या अंदाजपत्रकाआधी सादर करावी आणि पदपथासाठी स्वतंत्र तरतूद मागावी, एवढीच माझी विनंती आहे.