पबमधून परत कसं यायचं? बॅकपॅकरची मुंबई

इअरफोन नीट लावा, कारण आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मेसेज करून मागितलाय. पाठीवर सॅक, खिशात मोजके पैसे, मुंबईत दोन रात्री. पबमध्ये जायचंय, तर कुठं जाऊ?

मी मूळची सोलापूरची, सध्या राहायला मुंबईत. मला ‘कुठं जाऊ’पेक्षा ‘परत कशी येऊ’ हा प्रश्न मोठा वाटतो. पण आधी जाऊ तरी.

सुरुवात कुलाबा कॉजवेपासून. लिओपोल्ड कॅफे, १८७१ पासूनचा, इराण्यांनी सुरू केलेला. जगभरचे बॅकपॅकर इथं येतात. हिंदी सिनेमाच्या गर्दीत उभं राहायला गोरी माणसं हवी असली, की एजंट याच भागात शोधायला यायचे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री इथं गोळीबार झाला. गोळ्यांच्या खुणा मुद्दाम ठेवल्यात. त्या भोकात बोट घालून सेल्फी काढणारे मी पाहिलेत. प्लीज, नको. तिथं माणसं गेलीत, आणि त्यात वाढपीही होते.

थोडं पुढं मॉन्डेगार, १९३२ चं. भिंतींवर मारिओ मिरांडांची चित्रं. एक बिअर घ्या आणि भिंती वाचत बसा, तासभर आरामात जातो. पण ही दोन्ही ठिकाणं स्वस्त नाहीत. नाव मोठं, तसं बिलही मोठं. पैसे वाचवायचे असतील तर साधी परमिट रूम बघा. बऱ्याच ठिकाणी एसी आणि बिनएसी भागांचे दर वेगळे असतात. बसायच्या आधी मेन्यू कार्ड मागा, लाजू नका. आणि बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ दिसला तर तो ऐच्छिक असतो. नको असेल तर काढायला सांगता येतं.

आता ‘परमिट रूम’ हा शब्द आला कुठून? १९४९ च्या दारूबंदी कायद्यातून. महाराष्ट्रात आजही कागदोपत्री दारू प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचा ५ रुपयांत, आयुष्यभराचा १,००० रुपयांत. गंमत वयाची आहे. बिअर आणि वाइनला २१, व्हिस्की-रमला २५. म्हणजे आपल्याकडं अठराव्या वर्षी मत देता येतं, पण व्हिस्की प्यायचं वय आणि आमदारकीला उभं राहायचं वय एकच! हसा, पण ओळखपत्र जवळ ठेवा. गोव्याहून थेट येणाऱ्यांचा इथं हमखास गोंधळ होतो. शिवाय २ ऑक्टोबर, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी असे ड्राय डे असतात. ट्रिपच्या तारखा आधी कॅलेंडरशी ताडून बघा.

आता मुद्द्याचं. बार साधारण दीडला बंद होतात. शेवटची लोकल मात्र लाइननुसार बारा ते एकच्या दरम्यान सुटते. पहिली लोकल पहाटे चारनंतर. म्हणजे दीडला बाहेर पडलात तर मध्ये अडीच-तीन तासांचा खड्डा आहे. दक्षिण मुंबईत रिक्षा नाही, फक्त टॅक्सी. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच मीटरवर २५ टक्के जास्त भाडं. कुलाब्यातून अंधेरीच्या हॉस्टेलला जायचं म्हटलं तर टॅक्सीचे पैसे बिअरच्या बिलाला भारी पडतात.

म्हणून माझा सरळ हिशोब असा: पब आधी निवडू नका, झोपायची जागा आधी निवडा. कुलाबा-फोर्टला डॉर्म घेतलं तर रात्र कुलाब्यात, चालत परत. अंधेरीला उतरलात तर रात्र अंधेरी-वांद्र्यात. डॉर्मचा बेड चारशे रुपयांनी महाग पडला तरी परवडतो. हॉस्टेलचा दरवाजा रात्री किती वाजता बंद होतो, हेही चेक-इन करतानाच विचारा.

लोकलनंच जाणार असाल तर एम-इंडिकेटरवर शेवटच्या नव्हे, त्याच्या आधीच्या गाडीची वेळ बघून उठा. मैत्रिणींनो, रात्री लेडीज डब्यात पोलीस किंवा होमगार्ड असतो, तोच डबा पकडा. टॅक्सी घेतलीत तर नंबर आणि लोकेशन कुणालातरी पाठवा. ११२ नंबर लक्षात असू द्या. आणि ग्रुपमधल्या कुणाला जास्त झाली असेल, तर त्याला ‘जाईल तो’ म्हणून एकट्याला गाडीत बसवून देऊ नका. सोबत जा.

अजून एक सवय लावून घ्या. २९ डिसेंबर २०१७ ला, मध्यरात्र उलटल्यावर, लोअर परळच्या कमला मिल आवारात रूफटॉप पबला आग लागली. १४ जण गेले. बरेच जण स्वच्छतागृहात अडकले होते, कारण बाहेरचा रस्ता सापडला नाही. तेव्हापासून मी कुठंही शिरले की आधी दुसरा दरवाजा शोधते. तो दिसला नाही, किंवा त्याच्यासमोर बिअरचे क्रेट रचलेले असले, तर मी बसत नाही. मित्र चिडवतात. चिडवू देत.

शेवटी, न पिणाऱ्यांसाठी. फ्रेश लाइम सोडा घेऊन गाणी ऐकत बसणं हाही पबचाच अनुभव आहे. आग्रह करणाऱ्याला एकदा हसून नाही म्हणा, दुसऱ्यांदा न हसता.

आणि हो, दीड वाजता तुम्हाला बिल आणून देणाऱ्या माणसालाही घर आहे. टेबल आवरून, फरशी पुसून तो कर्जत-विरारकडची पहाटेची गाडी पकडणार असतो. ‘लास्ट ऑर्डर’ म्हटल्यावर अजून एकासाठी हुज्जत घालू नका. जमलं तर टीप त्याच्या हातात द्या.

तुमच्या शहरात रात्री परत यायची सोय कशी आहे, ते मला कळवा. विशेषतः नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगरवाले! भेटू पुढच्या भागात. सांभाळून जा, सांभाळून या.