स्वयंपाकघराचा ताळेबंद

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या हॉलमध्ये केलेले भाषण)



सेक्रेटरींनी मला विषय दिला, 'महिन्याचा किराणा आणि रोजच्या जेवणाचे नियोजन'. त्यांना वाटलं असणार, बँकेत ३६ वर्षं काढलेला माणूस आहे, हिशेबाचं बरं बोलेल. पण खरं सांगतो, या विषयातला माझा अनुभव जेमतेम चार महिन्यांचा आहे. आमच्या सौभाग्यवतींचा पंचेचाळीस वर्षांहून जास्त. त्या इथे पहिल्याच रांगेत बसल्या आहेत, त्यामुळे मला फार फुशारकी मारता येणार नाही.

२०२३ च्या जूनमध्ये त्या बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मुलगा-सून बाहेरगावी नोकरीला. ते पंधरा दिवस राहून गेले, पुढे किती राहणार? पोळ्यांना बाई मिळाली. बाकी सगळं माझ्याकडे आलं.

नोकरीत असताना मी कर्जदारांची गोदामं तपासायला जायचो. पोती मोजायची, स्टॉक स्टेटमेंटशी ताडून पाहायची, कमी भरली की जाब विचारायचा. पण आपल्या घरात तूरडाळ कुठल्या डब्यात असते, हे मला वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी कळलं!

पहिल्या महिन्यात मी यादी न करताच मॉलमध्ये गेलो. एकावर एक फुकट म्हणून रवा आणला, स्वस्त पडतो म्हणून तेलाचा पाच लिटरचा डबा आणला. पावसाळी हवेत रव्यात अळ्या झाल्या. मेथीच्या तीन जुड्या आणल्या, त्यातल्या दोन पिवळ्या पडल्या. महिनाअखेरीस खर्च नेहमीच्या दीडपट, आणि संध्याकाळी भाजीला मात्र घरात काही नाही. हिने पडल्या पडल्या विचारलं, "अहो, दोघांना महिन्याला दीड लिटर तेल पुरतं. पाच लिटर कुणासाठी आणलंत?"

मग मी वही-पेन घेऊन तिच्या कॉटपाशी बसलो. तिने जे सांगितलं, ते तुम्हाला सांगतो. भगिनींना यात नवीन काही नाही. हे बंधूंसाठी आहे.

पहिलं, आधी डबे उघडून बघायचे, मग यादी करायची. काय हवं आहे यापेक्षा काय शिल्लक आहे हे आधी लिहायचं.

दुसरं, भाजी आठवड्यातून दोनदा आणायची आणि ती टिकेल त्या क्रमाने संपवायची. पालेभाजी पहिल्या दोन दिवसांत. मग भेंडी, गवार. कोबी, लाल भोपळा, बटाटा शेवटी. एक-दोन दिवस उसळीचे ठेवायचे. पाव किलो मूग भिजवून मोड आणले की दुपटीहून जास्त होतात, आणि पावसाळ्यात भाजी कडाडली तरी आपलं अडत नाही.

तिसरं, महाग झालेल्या जिनसेच्या मागे धावायचं नाही. त्याच जुलैमध्ये टोमॅटो शंभर रुपये किलोच्या वर गेले होते. मी कुरकुरत अर्धा किलो घेऊन आलो. ही म्हणाली, "आमटीला आमसूल आहे, चिंच आहे. टोमॅटोवाचून काय अडलंय?"

चौथं, पाकिटाची किंमत बघायची नाही, वजन बघायचं. हे मला बँकेतल्या माणसाला सुचायला हवं होतं. एक लिटर तेलाचं वजन साधारण ९१० ग्रॅम भरतं. आता तेवढ्याच दिसणाऱ्या पिशव्या ८५० ग्रॅमच्याही मिळतात. दहा रुपये वाचले म्हणून आपण खूश, आणि तेल साठ ग्रॅम कमी.

पाचवं, उरलेलं वाया घालवायचं नाही. भाताचा फोडणीचा भात, पोळीचा कुस्करा हे सगळ्यांना माहीत आहे. उरलेल्या वरणात कणीक भिजवून पराठे होतात, हे मला नवीन होतं.

सप्टेंबरपर्यंत आमचा खर्च पूर्वीच्या आकड्यावर आला. तरी रोज लिहूनही माझ्या हिशेबात दर महिन्याला शे-दोनशे रुपयांचा फरक राहायचाच. लिंबू, कोथिंबीर, इस्त्री, रिक्षा... किती लिहिणार? आणि तेव्हा मला एक जुनी गोष्ट आठवली. ती आज सर्वांसमोर सांगायची आहे.

१९८३ साली माझी बदली विदर्भात झाली होती. माझी तिकडे खानावळ, इकडे ही, आमची आई आणि लहान मुलगा. एका पगारात दोन बिऱ्हाडं. सुट्टीवर आलो तेव्हा मी हिची खर्चाची वही तपासली. ४२ रुपये लागेनात. मी आईसमोर म्हणालो, "आमच्याकडे एक रुपयाचा फरक असला तरी कुणी घरी जात नाही." ही काही बोलली नाही. वही उचलून आत गेली.

चाळीस वर्षांनी, माझाच हिशेब लागत नव्हता तेव्हा मी तिला विचारलं, "त्या वेळी काय झालं होतं गं?" ती हसली. म्हणाली, "तेव्हा तुम्ही विचारलंत, पैसे कुठे गेले. कसं भागलं, ते नाही विचारलंत."

मग हळूहळू कळलं. त्या महिन्यात अचानक पाहुणे येऊन राहिले होते. शेवटचे आठ दिवस दूध फक्त आईला आणि मुलाला होतं. ही रात्री भाकरी आणि ठेचा खात होती. वहीत यातलं काहीच नव्हतं, कारण न झालेला खर्च कुणी लिहीत नाही. मी छत्तीस वर्षं ताळेबंद तपासत होतो, आणि घरातल्या ताळेबंदाची ही बाजू मला दिसलीच नव्हती.

तेव्हा बंधूंनो, माझं एकच सांगणं आहे. एक महिना वाण्याची यादी तुम्ही करा. सामान आणा, डबे भरा, आणि रोज सकाळी 'आज भाजी काय करायची' हा प्रश्न स्वतःला विचारून बघा. तो प्रश्न हेच अर्धं काम आहे.

आणि कमिटीला एक विनंती. सोसायटी नवीन होती तेव्हा आपल्या भगिनी मिळून मार्केट यार्डातून गहू आणि कांद्याची पोती आणायच्या, खाली पार्किंगमध्ये काटा लावून वाटून घ्यायच्या. मधल्या काळात ते बंद पडलं. पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा सुरू करू या. काट्यावर उभं राहायला मी तयार आहे. मात्र हिशेबात थोडा फरक आला, तर मी कुणाला जाब विचारणार नाही.