गेटवरचे पाम : पिवळं पान कापू नका

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात एका जुन्या सभासदाने केलेले भाषण)



मला ‘घरच्या बागेतले पाम’ हा विषय आणि दहा मिनिटं दिली आहेत. विषय बागेचा आहे, पण माझ्यापुरता तो कबुलीजबाब आहे. पहिल्याच वर्षी आपण गेटपासून आत सहा पाम लावले होते. आज चार आहेत. दोन गेले ते मी सचिव असताना. उरलेले चार काढून तिथे पेव्हर बसवायचा विषय पुढच्या आमसभेत येतो आहे. हात वर करण्याआधी माझं ऐकून घ्या.

आपण त्यांना बॉटल पाम म्हणतो, पण ते रॉयल पाम आहेत. दर दिवाळीला मी माणूस चढवायचो आणि खालची सगळी पिवळी पानं उतरवायचो. वर तीन-चार पानांचा तुरा राहायचा. “आता कसं स्वच्छ दिसते बाप्पा!” असं सगळे म्हणायचे. मग बुडाशी दोन मुठी युरिया. पुढच्या वर्षी पिवळेपणा आणखी वाढायचा, आणि मी आणखी छाटायचो. एका झाडाची मान बारीक होत गेली आणि ते वाळलं. दुसऱ्याच्या मधल्या कोंबाला विळा लागला, तो सडला आणि झाड गेलं.

चूक कुठे झाली? कडुनिंबाची फांदी तोडली तर दुसरी फुटते. एका खोडाच्या पामला वाढीचा एकच डोळा असतो, तो शेंड्यात. तो गेला की झाड संपलं. खोडाला झालेली जखमही भरून येत नाही. म्हणून खोडात खिळे ठोकू नका, रोषणाईची तार आवळून बांधू नका.

दुसरी गोष्ट पिवळ्या पानाची. पोटॅश कमी पडला की पाम जुन्या पानातला पोटॅश काढून नव्या पानाला देतो. म्हणजे ते पिवळं पान झाडाचं कोठार असतं. आपण ते कापलं की झाड त्याच्या वरचं पान उपसायला लागतं. त्यात नुसता युरिया दिला की वाढ जोरात होते आणि पोटॅशची ओढ आणखी वाढते. आपल्या भागात केळी घेणाऱ्या कोणालेही विचारा, पोटॅशशिवाय घड भरत नाही. पामही त्याच वळणाचा.

तुम्ही म्हणाल, आपल्या काळ्या जमिनीत पोटॅश असतोच. बरोबर आहे. पण गेटवर काळी माती नाही. तिथे मुरूम आणि बांधकामाचा मलबा भरलेला आहे. मलब्यातल्या सिमेंट-चुन्यामुळे लोह आणि मँगनीजही झाडाला मिळत नाही. चुनखडीच्या जमिनीत संत्रा पिवळा पडतो, तसंच हे.

आता खूण लक्षात ठेवा. खालची जुनी पानं टोकाकडून करपली, त्यांवर पिवळे-नारिंगी ठिपके आले, तर पोटॅश कमी. जुन्या पानाच्या कडा पिवळ्या आणि मधला भाग हिरवा, तर मॅग्नेशियम कमी. नवं पान पिवळं निघालं, तर लोह कमी, किंवा बुडाशी पाणी साचतं, किंवा रोप फार खोल लावलं आहे. नवं पान आखूड आणि चुरगळलेलं निघालं, तर मँगनीज किंवा बोरॉन.

परसात नारळ असेल त्यांच्यासाठी हिशेब सांगतो. पाच वर्षांवरच्या झाडाला वर्षाला 50 किलो शेणखत, सव्वादोन किलो युरिया, 3 किलो सुपर फॉस्फेट आणि 2 किलो म्युरेट ऑफ पोटॅश. शेणखत पावसाच्या सुरुवातीला द्या. युरिया आणि पोटॅशचे तीन हप्ते करा : जून, ऑक्टोबर, फेब्रुवारी. पहिल्या वर्षीच्या रोपाला याचा पाचवा हिस्सा, मग दरवर्षी तेवढाच वाढवा. मॅग्नेशियमची खूण दिसली तर वर्षाला अर्धा किलो मॅग्नेशियम सल्फेट. खत खोडाला टेकवू नका, आळ्यात गोल पसरा, मातीत मिसळा आणि लगेच पाणी द्या. शेणखत पूर्ण कुजलेलं हवं. कच्च्या उकिरड्यात गेंड्या भुंगा वाढतो आणि तोच नारळाचा शेंडा पोखरतो.

गॅलरीतल्या कुंडीत सुपारी पाम असेल, तर दोन महिन्यांनी एक-दोन मुठी गांडूळखत पुरे. मे महिन्यात, पारा 45 च्या घरात असताना, सुकलेल्या कुंडीत रासायनिक खत घालू नका, मुळं भाजतात. दुपारचं ऊन टाळा. बोअरचं पाणी खारं असेल तर पानांची टोकं जळतात. पावसाळ्यात कुंडी उघड्यावर ठेवा, क्षार धुऊन जातात.

आपल्या गावाच्या नावातच हिवर आहे. हिवराला कोणी खत घालत नाही, पाणी देत नाही, तरी तो उभा असतो. पाम तसा नाही. तो आपण हौसेनं आणला, तर त्याचं खाणं-पिणं आपल्यावर आलं.

आता गेटवरच्या चार पामांचं. पान गाडीवर पडतं ही तक्रार खरी आहे, लेकरं तिथे खेळतात ही काळजीही खरी आहे. रॉयल पाम आपलं वाळलेलं पान स्वतःच सोडतो. तेव्हा खाली गाड्या लावू नयेत, आणि पूर्ण वाळून लोंबणारं पान तेवढं काढावं. मी यंदापासून त्यांना शेणखत, पोटॅश, मॅग्नेशियम सल्फेट आणि मँगनीज सल्फेट स्वखर्चानं देणार आहे. ठिपके पडलेलं पान परत हिरवं होणार नाही. नवी निघतील तीच चांगली निघतील, म्हणून दीड-दोन वर्षं लागतील. आमसभेकडे मी तेवढीच मुदत मागतो. तोवर येता-जाता मान वर करून मधलं नवं पान पाहत जा. ते सरळ आणि हिरवं निघालं, तर पेव्हरचा विषय आपणच मागे घ्या. नाही निघालं, तर झाडं काढायच्या ठरावाला पहिला हात माझा.

दोन झाडांची चूक माझी होती. उरलेली चार आपल्या सगळ्यांची आहेत.