बातमी आणि तिची चौकट



घराच्या दाराला चौकट असते. तिच्यातून बाहेर पाहिले की समोरचे अंगण दिसते, परसातला गोठा दिसत नाही. म्हणून गोठा नाहीच, असे कोणी म्हणत नाही. कारण घर आपले असते. बातमीच्या बाबतीत मात्र आपण फसतो. तिच्या चौकटीत जेवढे दिसले तेवढेच घडले, असे धरून चालतो.

उदाहरणासाठी लांब जायला नको. खोडाळा, मोखाडा, जव्हार हा आपला मुलूख वर्तमानपत्रांत गाजला तो बहुतेक वेळा बालमृत्यूंमुळे. 1992-93 साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीचे नाव असेच देशभर गेले. त्या बातम्यांनी काम केले नाही असे नव्हे. सरकारला हलावे लागले, 1995 साली आदिवासी भागांसाठी नवसंजीवन योजना आली. पुढे 2016 च्या पावसाळ्यात मोखाडा तालुक्यात एक मूल दगावले. पालकमंत्री भेटीला आले, गावकरी संतापले, आणि मंत्र्यांच्या तोंडच्या एका वाक्यावरून दूरचित्रवाणीवर वाद पेटला. ते तसे म्हणाले की म्हणाले नाहीत? त्या गलक्यात, मुले पावसाळ्यातच जास्त का दगावतात, हा प्रश्न मागे राहिला.

अमेरिकेतले राज्यशास्त्राचे अभ्यासक शांतो अय्यंगार यांनी याच गोष्टीचे प्रयोग केले आणि 1991 साली ते पुस्तकरूपाने मांडले. गरिबीची बातमी एकाच गरीब माणसाच्या कहाणीतून दाखवली, तर पाहणारे त्या माणसालाच जबाबदार धरण्याकडे झुकतात. तीच गरिबी साऱ्या देशाचा प्रश्न म्हणून मांडली, तर सरकारकडे आणि समाजाकडे बोट जाते. गरिबी तीच, पण चौकट बदलली की दोषी बदलतो!

मी स्वतः या चौकटीत अडकलो होतो. कुपोषणाचा विषय निघाला की वर्गात सांगत असे, "आयांचे अज्ञान हे मोठे कारण." छापील फोटोत रोडावलेले मूल आणि शेजारी गप्प बसलेली आई, एवढेच मी पाहिले होते. एकदा तास संपल्यावर खोडाळ्याकडचा एक विद्यार्थी थांबला. म्हणाला, "सर, माझ्या आईला सगळं कळत होतं. पण धाकट्याला घेऊन दवाखान्यात पंधरा दिवस राहायचं, तर घरी आम्हा दोघांना कोण बघणार? अन् तिची मजुरी कोण देणार?" मला उत्तर देता आले नाही. त्या आईची कणगीतली नागली कधी संपली, दिवाळीनंतर ती वीटभट्टीवर का गेली, परतल्यावर हाताला काम होते का, हे माझ्या चौकटीत नव्हतेच.

शिक्षक बंधुभगिनींनो, ही चौकट ओळखण्याचे एक साधन तुमच्या हाती आहे. ते म्हणजे व्याकरण. "मजुरी थकली" असे वाक्य बातमीत येते. कर्ता कोण? मजुरी! जणू ती बिचारी चालून चालून थकली. आता "मजुरी थकवली" असे लिहा. लगेच पोर विचारील, "कोणी थकवली, गुरुजी?" 'कुपोषणबळी' हाही असाच शब्द. त्यात बळी घेणारे कुपोषण, म्हणजे जणू गावाबाहेरचे एखादे भूतच. धान्य वेळेवर न पोचवणारा माणूस त्या शब्दात कुठेच नाही.

तेव्हा एवढे करून पाहा. एकाच घटनेची दोन वर्तमानपत्रांतली कात्रणे फळ्याशेजारी लावा. मुलांना विचारा : क्रियापदाचा कर्ता कोण? बोलायला कोणाला मिळाले, मंत्र्यांना, अधिकाऱ्यांना की आईला? कालचे सांगितले आहे, पण गेल्या वर्षीचे सांगितले आहे का? आणि आपल्याला ठाऊक असलेले काय यात आलेच नाही? निवडणुकीची सभा असो, मोर्चा असो की धरणाच्या पाण्याचा तंटा, हेच प्रश्न तिथेही लागू पडतात. मोबाईलवर आलेल्या मजकुराला तर आधी लागू करावेत.

कोणी म्हणेल, मग काय सारी वर्तमानपत्रे खोटी? तसे मी म्हणत नाही. चौकटीवाचून दार उभे राहत नाही, आणि बातमीदाराला कुठून तरी पाहावे लागतेच. वावर-वांगणी तर बातमीमुळेच जगाला कळली. आपण फक्त दारातच थांबू नये. उठून परसात जाऊन यावे.

तो विद्यार्थी त्या दिवशी बोलला नसता, तर मी आजही वर्गात तेच सांगत राहिलो असतो आणि पोरांनी ते वहीत उतरवून घेतले असते. तुमच्या वर्गात, तुमच्या पारावर असा कोणी बोलू लागला, तर त्याला बोलू द्या, एवढीच विनंती.