पाइन वृक्षांचा तांबेरा



गव्हावरचा तांबेरा आपल्या शेतकऱ्यांच्या चांगल्याच परिचयाचा. पानावरून बोट फिरवलं की नारिंगी भुकटी हाताला लागते. त्याच जातकुळीतली एक बुरशी उंचच उंच पाइन वृक्षांचा जीव घेते. तिचं शास्त्रीय नाव क्रोनार्टियम रिबिकोला. ती मूळची आशियातली. ज्या पाइनच्या सुया पाच-पाचच्या झुबक्यात येतात, त्यांनाच ती लागते.

ही बुरशी एका पाइनवरून थेट दुसऱ्या पाइनवर जात नाही. मध्ये तिला सहसा करंट किंवा गूजबेरीचं झुडूप लागतं. उन्हाळा सरताना, हवा गार आणि दमट झाली की या झुडपांच्या पानांवरून बीजाणू उडतात आणि पाइनच्या सुयांवरच्या रंध्रांतून आत शिरतात. सुईतून डहाळीत, डहाळीतून फांदीत, अशी बुरशी सालीतून खोडाकडे सरकते. काही वर्षांनी वसंतात सालीवर फोड येतात. ते फुटले की नारिंगी पूड वाऱ्यावर दूरदूर जाते आणि पुन्हा करंटच्या पानांवर बसते. इकडे सालीवरच्या व्रणानं खोडाला पुरता वेढा घातला की त्याच्या वरचा भाग वाळून जातो. कोवळी रोपं लवकर मरतात. जुने वृक्ष वर्षानुवर्षं झिजत राहतात.

हा रोग अमेरिकेत माणसानंच नेला. तिथल्या पांढऱ्या पाइनची बेसुमार तोड झाली होती. नव्या लागवडीसाठी युरोपातल्या रोपवाटिकांतून रोपं मागवली गेली. झाड अमेरिकेचंच, पण युरोपात वाढलेली ती रोपं रोग घेऊन मायदेशी आली. १९०६ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा इथे हा रोग आढळला. १९१० मध्ये फ्रान्सहून व्हँकुव्हरला गेलेल्या रोपांबरोबर तो पश्चिम किनाऱ्यावरही पोचला. १९१२ मध्ये अमेरिकेनं रोपांच्या आयातीवर निर्बंध घालणारा कायदा केला, पण तोवर रोग देशात शिरला होता. पुढे १९३० च्या दशकात तरुणांच्या तुकड्या रानोमाळ करंटची झुडपं उपटत फिरल्या. पश्चिमेच्या डोंगराळ जंगलांत ते कष्ट बहुतांशी वाया गेले.

आज सर्वांत मोठा फटका बसला आहे तो उंच पर्वतांवरच्या व्हाइटबार्क पाइनला. क्लार्क्स नटक्रॅकर नावाचा पक्षी त्याच्या बिया जमिनीत पुरून ठेवतो. खायच्या राहिलेल्या बियांतून नवी झाडं उगवतात. ग्रिझली अस्वलंही या बियांवर ताव मारतात. २०२२ मध्ये अमेरिकेनं या वृक्षाला कायद्याचं संरक्षण दिलं. रोगातून तगलेल्या झाडांच्या बियांपासून आता तिथे प्रतिकारक्षम रोपं तयार केली जातात. आपल्या हिमालयातला कैल हाही पाच सुयांचाच पाइन, पण तो या रोगापुढे बराच टिकाव धरतो. अमेरिकन पाइनचा या बुरशीशी पूर्वी कधी संबंधच आला नव्हता, म्हणून ते इतके हतबल ठरले.

श्रोतेहो, रोपाबरोबर त्याचा रोगही प्रवास करतो आणि तो वरवर पाहून कळत नाही. म्हणून परदेशातून येताना आवडीचं कलम, कंद किंवा मातीसकट रोप सामानात घालून आणू नका. आणायचंच असेल तर रीतसर परवाना घ्या आणि विलगीकरण केंद्रात तपासणी करून घ्या.